आऊटलुकचा मेल नव्या कॉम्प्युटरवर नेताना: आधी फाइल, मग अकाउंट

नवा कॉम्प्युटर टेबलावर येतो. आऊटलुक उघडल्यावर ते ई-मेल पत्ता विचारतं, आपण पत्ता आणि पासवर्ड टाकतो, मेल उतरायला लागतात. काम झालं असं वाटतं, पण घोटाळा नेमका तिथेच झालेला असतो. आऊटलुकने स्वतःची एक कोरी डेटा फाइल तयार केलेली असते आणि नवा मेल तिच्यात पडायला लागलेला असतो. दहा वर्षांचा मेल असलेली मूळ फाइल अजून जुन्या मशीनवरच असते. मग ती आणून 'इम्पोर्ट' केली जाते. मेल दुबार होतात, रूल्स (येणारा मेल आपोआप फोल्डरांत लावणारे नियम) गायब होतात, कॅलेंडर भलत्याच फाइलीत उघडतं.

यातला बहुतेक त्रास क्रम चुकल्याने होतो. फाइल आधी जागेवर बसवायची आणि अकाउंट तिला नंतर जोडायचं. बहुतेक जण उलटं करतात.

खालची कृती विंडोजवरच्या क्लासिक आऊटलुकसाठी ('नवं आऊटलुक' नव्हे), २०१३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसाठी आहे. अकाउंट पॉप पद्धतीचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं आहे असं धरलं आहे. सीएंची ऑफिसं, पतसंस्था, छापखाने, छोट्या कंपन्या यांच्याकडे वेबसाइटबरोबर घेतलेला मेलबॉक्स बहुधा असाच वापरला जातो. सर्व्हरवर जागा थोडी असते, म्हणून मेल कॉम्प्युटरवर उतरवून तिथेच साठवायचा. आयमॅप किंवा एक्स्चेंज (या दोन्हींत मेल सर्व्हरवरच राहतो) आणि थंडरबर्ड हा वेगळा मेल प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी शेवटी स्वतंत्र भाग आहेत, पण पहिला टप्पा त्यांनीही वाचावा.

१. काय न्यायचं ते आधी ठरवा: पीएसटी की ओएसटी

आऊटलुकच्या डेटा फाइली दोन जातींच्या असतात आणि दोघींना एकच नियम लावता येत नाही.

पीएसटी म्हणजे अस्सल साठा. पॉप अकाउंटचा मेल, आर्काइव्ह (बाजूला काढलेला जुना मेल) आणि हाताने बनवलेले जुने साठे यात असतात. ही फाइल गेली की मेल गेला.

ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलबॉक्सची स्थानिक प्रत असते. एक्स्चेंज, मायक्रोसॉफ्ट ३६५, आऊटलुक डॉट कॉम आणि २०१३ पासून आयमॅप अकाउंटसुद्धा ओएसटी वापरतात. ती उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवण्यात काही अर्थ नाही. ज्या प्रोफाइलने (आऊटलुकमधली अकाउंट आणि डेटा फाइली यांची एकत्र जोडणी) ती बनवली त्याच्याशीच ती बांधलेली असते, दुसरीकडे उघडत नाही. नव्या मशीनवर अकाउंट जोडलं की ती सर्व्हरवरून आपोआप नव्याने तयार होते.

कोणती फाइल कुठे आहे हे बघायला: फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, पुन्हा अकाउंट सेटिंग्ज आणि तिथे 'डेटा फाइल्स' हा टॅब. फाइलीचं नाव, पूर्ण पत्ता आणि डिफॉल्ट कोणती याची खूण, तिन्ही तिथेच दिसतात. 'ओपन फाइल लोकेशन' दाबलं की तो फोल्डर उघडतो.

पीएसटी साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या 'आऊटलुक फाइल्स' या फोल्डरात असते. जुन्या आवृत्तीवरून चढत आलेल्या मशीनवर ती वापरकर्त्याच्या फोल्डरातल्या ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आऊटलुक या वाटेवर सापडते. ॲपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'हिडन आयटम्स' सुरू केल्याशिवाय तो दिसत नाही.

सावध: डेटा फाइल्सच्या यादीत फक्त सध्या जोडलेल्या फाइली असतात. कुणीतरी २०१२ साली काढून ठेवलेली 'आर्काइव्ह' किंवा 'बॅकअप ओल्ड' नावाची पीएसटी तिथे दिसणार नाही. म्हणून सगळ्या ड्राइव्हवर पीएसटी या एक्स्टेन्शनचा एकदा शोध घ्या, डी ड्राइव्ह विसरू नका. नेताना राहून जाणाऱ्या फाइलींमध्ये आर्काइव्हचा नंबर पहिला असतो आणि ती राहिली हे सहा महिन्यांनी, एखादं जुनं बिल शोधताना कळतं.

२. कागदावर मोजणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. मग शेवटी 'सगळं आलं का?' या प्रश्नाला 'आलं असावं' यापलीकडे उत्तर नसतं.

प्रत्येक मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि 'शो टोटल नंबर ऑफ आयटम्स' निवडा. आता फोल्डरच्या नावापुढे न वाचलेल्यांऐवजी एकूण संख्या दिसेल. कागदावर अशी नोंद करा: इनबॉक्स ६,४१८, सेंट ३,९७०, 'जीएसटी' फोल्डर ८१२, कॉन्टॅक्ट्स २४६. कॅलेंडरमध्ये नोंदी असतील तर 'लिस्ट' व्ह्यू लावून त्यांचीही संख्या घ्या. इनबॉक्समधल्या सगळ्यांत शेवटच्या मेलची तारीख आणि वेळ लिहा, ती पुढे दुबार मेल ओळखायला लागेल.

त्याच कागदावर अकाउंटची माहिती उतरवा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचं नाव, पोर्ट, एन्क्रिप्शनचा प्रकार, युजरनेम. पॉपसाठी एन्क्रिप्टेड पोर्ट ९९५ असतो आणि एसएमटीपीसाठी, म्हणजे मेल पाठवण्यासाठी, ४६५ किंवा ५८७. तुमच्या मशीनवर जे आहे तेच लिहा, अंदाजाने नको. 'आऊटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' ही खूण आहे का तेही बघा. ती राहिली की मेल येतात पण जात नाहीत.

पासवर्ड पीएसटीत नसतो, अकाउंटची सेटिंग्जही नसतात. जुन्या आऊटलुकमध्ये पासवर्ड नुसत्या ठिपक्यांनी दिसतो, तिथून वाचता येत नाही. आठवत नसेल तर आत्ताच रीसेट करून घ्या. जीमेल पॉपने वापरत असाल तर गुगलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. फाइलीला स्वतःचा पासवर्ड लावलेला असेल तर तोही हाताशी असू द्या.

तपासा: मजकुरात किंवा फोल्डरच्या नावात देवनागरी असेल तर फाइलीचं स्वरूप बघा. डेटा फाइल्समध्ये फाइल निवडून 'सेटिंग्ज' दाबा. स्वरूपाच्या जागी '९७-२००२' दिसलं तर ती जुन्या जातीची फाइल आहे. तिची मर्यादा २ जीबी असते आणि युनिकोड मराठी मजकुराच्या जागी तिच्यात प्रश्नचिन्हं उमटतात. अशी फाइल आहे तशी नेऊन पुढे वापरू नका. नवी पीएसटी बनवून तिच्यात इम्पोर्ट करा. इम्पोर्ट योग्य ठरावं अशा थोड्या प्रसंगांपैकी हा एक. आधीच प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं मात्र परत येत नाहीत.

३. फाइल निरोगी आहे का ते बघा

बिघडलेली फाइल नेली तर ती नव्या मशीनवरही बिघडलेलीच राहते, आणि दोष कॉपीचा की फाइलीचा हे मग सांगता येत नाही. 'उघडते तर आहे' यावर भागवू नका.

ऑफिसबरोबर इनबॉक्स रिपेअर टूल येतं, फाइलीचं नाव स्कॅनपीएसटी. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ अशी त्याची वाट. ३२-बिट ऑफिस असेल तर प्रोग्राम फाइल्स एक्स८६ या फोल्डरात बघा.

आऊटलुक बंद करून ते चालवा, पीएसटी निवडा, स्टार्ट करा. चुका सापडल्या तर 'मेक बॅकअप' ची खूण तशीच ठेवून रिपेअर करा. एका फेरीत सगळं नीट होईलच असं नाही. चुका सापडणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा, तीन-चार फेऱ्या लागणं नेहमीचं आहे. बॅकअपला फाइलीएवढीच जागा लागते. १२ जीबीची फाइल आणि ड्राइव्हवर ८ जीबी मोकळे असतील तर आधी जागा करा.

२०१० आणि त्यानंतरच्या आऊटलुकमध्ये पीएसटीची मर्यादा मूळ सेटिंगप्रमाणे ५० जीबी आहे. फाइल ४० च्या पुढे गेली असेल तर जुनी वर्षं वेगळ्या पीएसटीत काढायचं काम आत्ताच, जुन्या मशीनवर उरका. नव्यावर गेल्यावर ते होत नाही असा अनुभव सार्वत्रिक आहे. डिलिटेड आयटम्स रिकामं केलं तरी फाइल लगेच लहान होत नाही, त्यासाठी डेटा फाइलच्या सेटिंग्जमधलं 'कॉम्पॅक्ट नाऊ' चालवावं लागतं. मोठ्या फाइलीला तास-दोन तास लागू शकतात, तेव्हा ते संध्याकाळी लावून जा.

४. शेवटचा सेंड/रिसीव्ह, आणि जुनं आऊटलुक थांबवा

आउटबॉक्स रिकामा आहे ना बघा. तिथे अडकलेला मेल फाइलीबरोबर नव्या मशीनवर जाईल आणि महिन्याभरापूर्वीचं कोटेशन अचानक ग्राहकाला पोचेल. शेवटचा सेंड/रिसीव्ह करा. मग सेंड/रिसीव्ह टॅबवरचं 'वर्क ऑफलाइन' दाबा.

इथून पुढे जुन्या आऊटलुकने एकही मेल ओढता कामा नये. सर्व्हरवर मेलची प्रत ठेवायची खूण नसेल तर पॉप मेल उतरताच सर्व्हरवरून पुसला जातो. कॉपी सुरू असताना जुन्या मशीनने तीन मेल ओढले, तर ते तीन मेल ना नव्या फाइलीत असतात ना सर्व्हरवर.

सावध: 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर' ही खूण या टप्प्यावर काढू नका. दुबार मेल टाळायच्या नादात कुणी ती काढतं आणि पुढच्याच सेंड/रिसीव्हला आऊटलुक आधी उतरवलेले सगळे मेल सर्व्हरवरून साफ करतं. तुमची शेवटची राखीव प्रत तीच होती.

आता आऊटलुक बंद करा आणि खरोखर बंद झालं का ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये आऊटलुकचं नाव अजून दिसत असेल तर मिनिटभर थांबा. आयक्लाउड, फोन सिंक किंवा अकाउंटिंग सॉफ्टवेअरची ॲड-इन्स (आऊटलुकला जोडलेले छोटे प्रोग्राम) फाइल धरून ठेवतात. तरीही हटत नसेल तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि आऊटलुक न उघडता पुढे जा. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' करणं शेवटचा उपाय, कारण त्याने फाइल अर्धवट लिहिलेल्या स्थितीत सुटू शकते आणि मग तिसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात.

५. कॉपी

पेन ड्राइव्हवर इथे हमखास अडतं. बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचे असतात आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असले तरी विंडोज फाइल फार मोठी असल्याचं सांगतं आणि माणूस नवा, मोठा पेन ड्राइव्ह विकत आणायला निघतो. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, आधी त्यावरचं सगळं दुसरीकडे काढून. शक्य असेल तर पेन ड्राइव्हऐवजी बाहेरून लावायची एसएसडी वापरा. स्वस्त पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल तर २० जीबीला पाऊण तास लागतो. तेवढ्यात वीज जाऊ शकते, तेव्हा डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर असू द्या. स्लीप मोडही बंद ठेवा.

'कॉपी' करा, 'कट' नको.

पीएसटीबरोबर आणखी दोन फोल्डर उचला. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा हा शब्द रोमन लिपीत, मधे जागा न सोडता टाइप करा. उघडलेल्या फोल्डरात मायक्रोसॉफ्ट, आणि त्यात 'सिग्नेचर्स' व 'टेम्प्लेट्स'. सिग्नेचरमध्ये लोगो असेल तर त्याच्या चित्रांचा वेगळा उपफोल्डर असतो, म्हणून सुट्या फाइली न उचलता अख्खा फोल्डर घ्या.

तपासा: मूळ आणि कॉपी दोन्ही फाइलींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' हा आकडा बाइटपर्यंत जुळतो का बघा. 'साइझ ऑन डिस्क' जुळला नाही तर चालेल, तो फॉरमॅटनुसार बदलतो. काम फार महत्त्वाचं असेल तर पॉवरशेलमधल्या गेट-फाइलहॅश या आज्ञेने दोन्हींचा हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून ताडून पाहा. पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' केल्याशिवाय उपटू नका.

६. नव्या कॉम्प्युटरवर फाइलीला घर द्या

आधी एक खात्री. विंडोज ११ बरोबर 'नवं आऊटलुक' आधीच बसवलेलं येतं. टास्कबारवर आऊटलुकचं चिन्ह दिसतं म्हणून ते उघडू नका. त्यात पीएसटीची सोय अर्धवट आहे, क्लासिकसारखी पूर्ण नाही. ऑफिस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं क्लासिक आऊटलुक बसवा आणि ऑफिस ॲक्टिव्हेट करा, पण आऊटलुक अजून उघडू नका. ॲक्टिव्हेशन वर्डमधून करता येतं.

पीएसटी कुठे ठेवायची? डॉक्युमेंट्समध्ये नको. नव्या विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स हा फोल्डर बऱ्याचदा गुपचूप वनड्राइव्हच्या बॅकअपखाली गेलेला असतो. पीएसटी सतत बदलणारी मोठी फाइल आहे. वनड्राइव्ह ती दर वेळी वर चढवायला बघतं, आऊटलुक ती सोडत नाही. सिंक अडकतं, आऊटलुक मंदावतं, कधी फाइलच बिघडते. सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात 'मेलडेटा' असा एक नवा फोल्डर बनवा आणि फाइल तिथे ठेवा. तिथे असली की त्याच मशीनवरच्या दुसऱ्या साध्या युजरला ती वाचता येत नाही.

ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरात पीएसटी ठेवून दोघांनी वापरायची, हेही नको. मायक्रोसॉफ्टचा त्याला पाठिंबा नाही आणि एका वेळी एकालाच ती उघडते. पेन ड्राइव्हवरूनच थेट उघडून वापरणं तर नकोच.

कॉपी झाल्यावर फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली' ची खूण असेल तर काढा. सीडी किंवा डीव्हीडीवरून आलेल्या जुन्या आर्काइव्हना ती हमखास चिकटलेली असते आणि आऊटलुक नुसतं 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतं.

७. प्रोफाइल आणि अकाउंट, या क्रमाने

हे काम आऊटलुकमधून न करता कंट्रोल पॅनेलमधून करा. तिथली वाट आवृत्तीगणिक फारशी बदलत नाही आणि आऊटलुक सुरू व्हायच्या आधीच सगळं जुळवता येतं.

कंट्रोल पॅनेलमध्ये 'व्ह्यू बाय' ला 'स्मॉल आयकॉन्स' लावा, म्हणजे 'मेल' दिसेल. 'शो प्रोफाइल्स', मग 'ॲड', आणि प्रोफाइलला नाव द्या. अकाउंटची चौकट उघडली की पत्ता टाकू नका. खालचा 'मॅन्युअल सेटअप' हा पर्याय घ्या आणि 'पॉप ऑर आयमॅप' निवडा.

या पानावर कागदावरची माहिती भरा. अकाउंट टाइप पॉप. उजव्या बाजूला 'डिलिव्हर न्यू मेसेजेस टू' असं लिहिलेलं असतं. सगळा लेख या एका ओळीसाठी आहे. मूळ निवड 'न्यू आऊटलुक डेटा फाइल' अशी असते. ती बदलून 'एग्झिस्टिंग आऊटलुक डेटा फाइल' करा आणि ब्राउझ करून मेलडेटा फोल्डरातली तुमची पीएसटी दाखवा.

त्याच पानावरची 'ऑटोमॅटिकली टेस्ट अकाउंट सेटिंग्ज' ही खूण काढा, चाचणी नंतर करू. 'मोअर सेटिंग्ज' मध्ये जाऊन पोर्ट, एन्क्रिप्शन आणि आऊटगोइंग सर्व्हरची खूण भरा. 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण चालू असू द्या. सोबत १४ दिवसांनी काढून टाकण्याची मूळ निवड असते, ती सुरुवातीला ३० करा. काही बिनसलं तर महिनाभराचा मेल तरी सर्व्हरवर सापडेल. मेलबॉक्स अगदीच लहान असेल तर मात्र १४ च ठेवा, नाहीतर तो भरून येणारे मेल परत जायला लागतील.

प्रोफाइल पुरं झालं की 'डेटा फाइल्स' टॅबवर आर्काइव्ह आणि इतर जुन्या पीएसटी 'ॲड' ने जोडा. मुख्य फाइल 'डिफॉल्ट' आहे ना ते बघा. कॅलेंडर, नवे कॉन्टॅक्ट्स आणि कामांची यादी डिफॉल्ट फाइलीत जातात. 'अपॉइंटमेंट टाकली आणि नाहीशी झाली' या तक्रारीमागे बहुतेकदा चुकीची डिफॉल्ट फाइल असते.

आधीच उलटा क्रम झाला असेल तर? घाबरू नका आणि इम्पोर्टही करू नका. अकाउंट सेटिंग्जमध्ये अकाउंट निवडून खालचं 'चेंज फोल्डर' दाबा. मूळ पीएसटी जोडून तिच्यातला इनबॉक्स दाखवा, तिला डिफॉल्ट करा, आऊटलुक बंद करून उघडा. कोऱ्या फाइलीत मधल्या काळात पडलेले मेल ओढून मूळ फाइलीत आणा. ती रिकामी झाल्याची खात्री करून मगच यादीतून काढा.

इम्पोर्टला एवढा विरोध का? एक्स्पोर्ट आणि इम्पोर्टच्या वाटेने फोल्डरचे व्ह्यू, ऑटोआर्काइव्हच्या सेटिंग्ज, रूल्स, ब्लॉक केलेल्या पत्त्यांची यादी हे काही येत नाही. अख्खी फाइल जोडली की फोल्डरांची मांडणी जशीच्या तशी राहते. शिवाय इम्पोर्ट म्हणजे तेवढ्याच आकाराची दुसरी प्रत, आणि मधेच थांबलं तर कुठपर्यंत आलं ते कळायला मार्ग नाही.

८. वाय-फाय बंद करून पहिल्यांदा उघडा

नेटवर्कची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा, आणि आता आऊटलुक उघडा. नवा मेल यायच्या आधी मोजणी करायची, म्हणजे आकडे कागदाशी तंतोतंत जुळायला हवेत. इनबॉक्स ६,४१८ लिहिलं होतं तर इथेही ६,४१८ च दिसलं पाहिजे. ६,४१५ म्हणजे 'जवळपास बरोबर' नव्हे. आकडा जुळला नाही तर आधी, चुकीची, काही दिवस जुनी फाइल तर उचलली नाही ना, हे शेवटच्या मेलच्या तारखेवरून ताडून पाहा. फाइल एक्स्प्लोररमधल्या तारखेवर विसंबू नका, नुसती आऊटलुकमध्ये उघडल्यानेही ती बदलते.

अटॅचमेंट असलेले पाच-सहा मेल वेगवेगळ्या वर्षांतून उघडून बघा. जुने मराठी मेल श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर नव्या मशीनवर ते अगम्य रोमन अक्षरांसारखे दिसतील. फाइल बिघडलेली नाही, या मशीनवर तो फॉन्ट बसवलेला नाही एवढंच. जुन्या मशीनवरचे ते फॉन्ट आणून बसवा.

आकडे जुळले की नेट सुरू करा आणि सेंड/रिसीव्ह करा. स्वतःलाच एक मेल पाठवा आणि बाहेरच्या दुसऱ्या पत्त्यावर एक. येणं आणि जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही तपासा.

सर्व्हरवर शिल्लक असलेले गेल्या काही दिवसांचे मेल पुन्हा उतरू शकतात. हे दुबार मेल न वाचलेले म्हणून येतात. इनबॉक्सला 'अनरेड' चा फिल्टर लावा. कागदावरच्या शेवटच्या तारखेच्या आधीचे जे न वाचलेले दिसतील त्यांची जोडी आहे का बघून ते काढून टाका. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

९. राहिलेल्या बारीक गोष्टी

सिग्नेचर्स आणि टेम्प्लेट्सचे फोल्डर नव्या मशीनवर त्याच वाटेवर ठेवा. मग ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स इथे जाऊन नव्या मेलला कोणती आणि उत्तराला कोणती हे पुन्हा निवडावं लागतं.

रूल्स जुन्या मशीनवर 'मॅनेज रूल्स अँड अलर्ट्स', 'ऑप्शन्स', 'एक्स्पोर्ट रूल्स' या वाटेने वेगळ्या फाइलीत काढून ठेवलेले बरे. फाइल जोडल्यावर ते दिसले तरी 'फोल्डर सापडत नाही' अशी लाल खूण आली, तर प्रत्येक रूल उघडून फोल्डर पुन्हा दाखवा.

'टू' दाबल्यावर पत्ते दिसत नाहीत, पण कॉन्टॅक्ट्समध्ये तर आहेत? कॉन्टॅक्ट्स फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आऊटलुक ॲड्रेस बुक' या टॅबवरची खूण करा. टाइप करताना आपोआप सुचवले जाणारे पत्ते ही वेगळीच यादी आहे. तिला वही समजून चालणारे फार, पण ती सोबत येईलच याचा भरवसा नाही. महत्त्वाचे पत्ते जुन्या मशीनवर असतानाच कॉन्टॅक्ट्समध्ये टाकून घ्या.

शोध लागत नाही म्हणून 'मेल आलेच नाहीत' असं ठरवू नका. विंडोजला नव्या फाइलीचा इंडेक्स बनवायला वेळ लागतो, मोठ्या फाइलीला रात्रभरसुद्धा. शोधाच्या चौकटीत क्लिक केल्यावर 'सर्च टूल्स' मधल्या 'इंडेक्सिंग स्टेटस' मध्ये किती बाकी आहे ते दिसतं.

आयमॅप आणि एक्स्चेंजवाल्यांसाठी

तुमचा मेल सर्व्हरवर आहे, अकाउंट जोडलं की येईल. तीन जागी मात्र पाय घसरतो.

पहिली, आयमॅपची. मेल सर्व्हरवर असले तरी आयमॅप अकाउंटचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्स आऊटलुकमध्ये 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' अशा फोल्डरात असतात. नावातच सांगितलं आहे. ओएसटी मागे सोडली की ते गेले. हे फोल्डर आधी पीएसटीत एक्स्पोर्ट करून घ्या.

दुसरी, एक्स्चेंज आणि ३६५ ची. अकाउंटच्या सेटिंगमध्ये किती काळाचा मेल ऑफलाइन ठेवायचा याची पट्टी असते आणि ती बहुतेकदा १ वर्षावर असते. नव्या मशीनवर जुना मेल दिसला नाही तर आधी फोल्डरच्या तळाशी सर्व्हरवर आणखी मेल असल्याची ओळ आहे का बघा. पण खरा फटका एक्स्पोर्ट करताना बसतो: पट्टी १ वर्षावर असताना पीएसटी काढली तर तिच्यात एकच वर्ष येतं. पट्टी 'ऑल' वर न्या, सगळं उतरून फोल्डर 'अप टू डेट' होऊ द्या, मगच एक्स्पोर्ट.

तिसरी, बंद होणाऱ्या अकाउंटची. नोकरी बदलताना किंवा सेवा बदलताना अकाउंट बंद झाल्यावर नुसती ओएसटी हातात राहिली, तर ती दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उघडणार नाही. जे न्यायची परवानगी आहे ते अकाउंट चालू असतानाच पीएसटीत काढा.

थंडरबर्ड

इथे काम सोपं आहे, कारण मेल, अकाउंट, फिल्टर, पत्ते सगळं एकाच प्रोफाइल फोल्डरात असतं. 'हेल्प' मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' मध्ये 'प्रोफाइल फोल्डर' समोर 'ओपन फोल्डर' दाबा, थंडरबर्ड बंद करा आणि अख्खा फोल्डर उचला. थंडरबर्डची स्वतःची एक्स्पोर्टची सोय २ जीबीपर्यंतच्या प्रोफाइलला चालते, त्याहून मोठं असेल तर हातानेच न्यावं लागतं. नव्या मशीनवर तीच किंवा त्यापुढची आवृत्ती बसवा, नवं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

सावध: या फोल्डरात साठवलेले पासवर्डही असतात. प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या पासवर्डांना लावायचं कुलूप) लावलेला नसेल तर ज्याच्या हाती तो पेन ड्राइव्ह पडेल त्याच्या हाती तुमचं अकाउंट पडेल. काम झालं की पेन ड्राइव्ह पुसा.

जुना कॉम्प्युटर कधी सोडायचा

निदान ३० दिवस तो फॉरमॅट करू नका, विकू नका, पुतण्याला देऊ नका. त्यावरचं आऊटलुक 'वर्क ऑफलाइन' मध्येच ठेवा, आणि दुसरं कुणी चुकून चालू करेल असं वाटत असेल तर त्यातलं अकाउंट काढून टाका. पॉप अकाउंट काढल्याने पीएसटी जात नाही. या काळात महिनाअखेर एकदा येऊन जायला हवी. न सापडणारे मेल, राहिलेली आर्काइव्ह, ग्राहकाचा न दिसणारा पत्ता हे सगळं बिलं आणि रिटर्न भरायच्या दिवसांत वर येतं.

त्यानंतर पीएसटीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर तारखेच्या नावाने ठेवा, नव्या मशीनवर ती प्रत एकदा उघडून पाहा, आणि मग जुन्या डिस्कवर विंडोजचं 'रीसेट धिस पीसी' हे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लीन डेटा' हे पर्याय निवडून चालवा.